एकेक पिल्लू वेगळं ओळख

पोरी, तुझी कारवानी कुत्री गाभण आहे हे कळल्यावर तू मला पहिला प्रश्न विचारलास तो जुळ्यांचा. आधी त्याचंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

कुत्रीच्या एका वेतात पाच-सात पिल्लं येतात, म्हणून लोक त्यांना जुळी म्हणतात. पण ती सख्खी भावंडं असतात, एवढंच. प्रत्येक पिल्लाचं अंडं वेगळं, वार वेगळी, नाळ वेगळी. इतकंच काय, माजाच्या दिवसांत कुत्री दोन कुत्र्यांकडे गेली तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं निघतात. माज साधारण तीन आठवडे चालतो, आणि रक्त थांबलं म्हणजे माज संपला असं समजून लोक दार उघडतात. खरं गाभण राहण्याचे दिवस नेमके तेव्हाच असतात. म्हणून पुढच्या माजाला पूर्ण तीन आठवडे तिला बंद ठेव. आपल्याकडे कारवानीची पैदास बिघडली ती बरीचशी या उघड्या दारानं.

खरी जुळी, म्हणजे एकाच अंड्याची दोन पिल्लं, कुत्र्यांत फारच दुर्मिळ. दक्षिण आफ्रिकेत एका आयरिश वुल्फहाउंड कुत्रीचं सिझेरियन करताना डॉक्टरांना दिसलं की सातपैकी दोन नर पिल्लं एकाच वारेला जोडलेली आहेत आणि बाकी पाचांची वार आपापली आहे. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दोघांचा डीएनए एकच निघाला. 2016 साली हे जाहीर झालं, आणि कुत्र्यांत अशी जुळी तपासणीनं सिद्ध होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यातलं एक लक्षात ठेव: त्या दोघांच्या पायांवरच्या आणि छातीवरच्या पांढऱ्या खुणा हुबेहूब एकसारख्या नव्हत्या. म्हणजे खरी जुळीसुद्धा थोडी वेगळी दिसू शकतात, आणि जी अगदी सारखी दिसतात ती जुळी असतीलच असं नाही. रंगावरून काही ठरत नाही. आणखी एक, ती दोघं जन्मताना भावंडांपेक्षा थोडी लहान होती आणि सहा आठवड्यांत बाकीच्यांच्या बरोबरीला आली. लहान जन्मलेलं पिल्लू वाया गेलं असं म्हणणाऱ्यांना हे सांग.

तुझ्या कुत्रीला जुळी होवोत न होवोत, तुला एवढंच करायचं आहे: प्रत्येक पिल्लू वेगळं ओळखायचं. सगळी तांबूस, सगळी बारीक तोंडाची, सगळी एकमेकांच्या अंगावर पडलेली. त्या ढिगात एक पिल्लू दोन दिवस दूध न पिता राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. तिसऱ्या दिवशी ते गार झालेलं सापडतं, आणि घरचे म्हणतात, अचानक गेलं. अचानक जात नाही गं. चोवीस तास आधी ते वजनाच्या काट्यावर सांगत असतं. पिल्लांची बहुतेक मरतूक पहिल्या आठवड्यात होते, आणि त्यातली कितीतरी फक्त लक्ष ठेवून टळते.

म्हणून बाळंतपणाआधी तीन वस्तू घरात आण. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा, सात-आठ रंगांची मऊ लोकर, आणि एक शंभर पानी वही. पिल्लू जन्मलं, पुसलं, की त्याच्या गळ्यात लोकरीचा सैल धागा बांध, दोन बोटं आत जातील इतका सैल. दर दोन-तीन दिवसांनी तो बघून बदलायचा, कारण गळा झपाट्यानं वाढतो आणि धागा रुततो. वहीत लाल, निळा, पिवळा असे रकाने कर. रोज एकाच वेळी वजन घे, सकाळचा चहा ठेवलास की लगेच. पहिल्या दिवशी वजन जरासं घटलं तर घाबरू नको, पण दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घट नको. त्यानंतर रोज शंभरामागे पाच ते दहा ग्रॅम वाढ हवी. म्हणजे 350 ग्रॅमचं पिल्लू आठ-दहा दिवसांत 700 च्या घरात गेलं पाहिजे. ज्याचं वजन एक दिवस थांबलं त्याच्यावर नजर ठेव, ज्याचं घटलं त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. ते रडत नाही म्हणून ठीक आहे असं मानू नको. खंगत चाललेलं पिल्लू आधी खूप रडतं आणि मग गप्प होतं. घरच्यांना ते गप्प झाल्यावर बरं वाटतं, आणि तिथंच घात होतो.

आता बाळंतपणाचं. लागण झाल्यापासून साधारण 63 दिवस धर, चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोज, गुदद्वारात थर्मामीटर घालून. नेहमी 101 ते 102 असणारा पारा 99 च्या खाली उतरला की पुढच्या चोवीस तासांत ती विते. जागा आठवडाभर आधीच तयार ठेव म्हणजे तिला सवय होते: चार बाय चार फुटांची लाकडी चौकट, आणि आत भिंतीपासून चार बोटं सोडून बांबूची आडवी पट्टी. आई टेकून बसली तरी पिल्लू पट्टीच्या मागच्या फटीत वाचतं. कारवानी उंच आणि हाडकुळी असते, धपकन बसते, त्यामुळे ही पट्टी हवीच. खाली गोणपाट आणि त्यावर जुनी सुती गोधडी. तुमच्या नांदेडच्या घरांत सगळीकडे गुळगुळीत फरशी. तिच्यावर पिल्लाचे पाय बाजूला फाकतात, छाती चपटी होते आणि ते पोहल्यासारखं सरपटत राहतं. पायाला पकड मिळेल असंच अंथर.

विण्याची वेळ आली की खोलीत तू आणि फार तर आणखी एक माणूस. कारवानीला परक्याचा हात मुळात आवडत नाही, त्यात शेजारीपाजारी बघायला आले तर ती कळा धरून ठेवते. पिल्लू डोक्याकडून आलं काय नि मागच्या पायांकडून आलं काय, कुत्रीत दोन्ही चालतं. दहातली चार तरी मागून येतात. आईनं पडदा फाडला नाही तर तू लगेच फाड, नाक-तोंड पुस, टॉवेलनं पाठ चोळ. पूर्वी पिल्लू हातात धरून झोक्यासारखं खाली फिरवायचे, ते करू नको, त्यानं मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून एक इंच सोडून दोऱ्यानं बांध, पुढं काप, टोकाला टिंक्चर आयोडीन लाव. राख, शेण, हळद, काही नको.

कधी थांबायचं नाही तेही ऐक. अर्धा तास जोरानं कळा देऊनही पिल्लू येत नसेल, दोन पिल्लांत दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला आणि आत अजून आहेत असं वाटत असेल, किंवा पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट काळा स्राव आला, तर गाडी काढ. हिरवा रंग म्हणजे वार सुटायला लागली. पहिल्या पिल्लानंतर तोच रंग दिसला तर चिंता नाही. आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. गोठ्यात म्हशीला पान्हा सोडायला जे इंजेक्शन टोचतात, ते कुणीतरी मदत म्हणून घेऊन येईल. हात लावू देऊ नको. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटतं. ते द्यायचं की नाही हे फक्त डॉक्टर ठरवेल, तपासून.

डॉक्टर आधीच ठरवून ठेव. रात्री दोनला शोधाशोध होत नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे, दोन्ही नांदेडहून गाडीनं गाठता येतात. सिझेरियन करायची पाळी आली तर डॉक्टरांना स्पष्ट सांग की ही कारवानी आहे, शिकारी बांध्याची, अंगावर चरबी नाही. अशा कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं उतरायला फार वेळ लागतो. जाणत्या डॉक्टरांना ते माहीत असतं, तरी तू सांग.

पहिल्या दिवसाचं दूध म्हणजे चीक. गाईचा चीक आपण खरवसाला काढतो, पण कुत्रीचा चीक एक थेंबही वाया जाता कामा नये. पिल्लाला रोगाशी लढायची ताकद बहुतांश त्यातूनच मिळते, आणि ती आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट एका दिवसात बंद होते. म्हणून पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लानं सड तोंडात धरून चोखलं का, हे रंग बघून वहीत लिही. मागच्या सडांना दूध जास्त असतं आणि धट्टीकट्टी पिल्लं तीच जागा बळकावतात. बारीक पिल्लाला दर वेळी हातानं मागच्या सडाला लाव आणि मोठ्याला जरा पुढं सरकव. यात पक्षपात काही नाही.

ऊब ही दुसरी गोष्ट, आणि मला विचारशील तर दुधापेक्षाही आधीची. नवजात पिल्लाला कुडकुडता येत नाही. आपलं अंग ते स्वतः गरम ठेवू शकत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या जागेची ऊब 29 ते 32 अंश सेल्सिअस हवी, मग दर आठवड्याला थोडी कमी करत जायचं. मार्गशीर्ष-पौषात लातूरकडच्या रात्री बोचऱ्या असतात, त्यात बल्ब लावून ठेवला आणि वीज गेली की संपलं. बाटलीत कोमट पाणी भर, फडक्यात गुंडाळ, एका कोपऱ्यात ठेव. सगळी जागा तापवू नको, एक बाजू गार राहू दे म्हणजे पिल्लाला सरकायला वाव राहतो. पिल्लं स्वतःच सांगतात: एकावर एक ढीग करून पडली असतील तर गारठलीत, हातपाय पसरून लांब लांब पडली असतील तर तापलीत, शेजारी शेजारी लागून झोपेत हातपाय झटकत असतील तर सगळं छान आहे. ते झटकणं आजार नव्हे, तसंच हवं.

उन्हाळ्याचं उलटं. वैशाखात नांदेडचा पारा 43 च्या पुढं जातो. तेव्हा वेत येणार असेल तर पत्र्याखाली ठेवू नको, जाड भिंतीच्या खोलीत ठेव, आणि कूलरचा झोत थेट पिल्लांवर नको. आईला पाणी मात्र चोवीस तास. दूध पाजणारी कुत्री किती पाणी पिते हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. ज्या लातुरानं 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या लातुराच्या माणसाला पाण्याची किंमत सांगायला नको, पण तिच्या भांड्यात काटकसर करायची नाही. जमलंच तर पुढचं वेत उन्हाळ्यात येणार नाही असं बघ.

आईनं एखादं पिल्लू नाकानं बाजूला सारलं तर जुनी माणसं म्हणतात, तिला कळलं, ते जगणार नाही. तसं नाही. बहुतेक वेळा ते पिल्लू गार पडलेलं असतं, आणि गार पिल्लू तिला आपलं वाटत नाही. आधी ते गरम कर, हळूहळू, छातीशी धरून किंवा बाटलीजवळ ठेवून, तास-दोन तास लागू देत. गरम झाल्याशिवाय दूध पाजू नको. थंड अंगात आतडी थांबलेली असतात, दूध तसंच पडून नासतं आणि त्यानंच ते मरतं. गरम झालं की बऱ्याचदा आई आपणहून चाटायला लागते.

वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर गाईच्या दुधात पाणी घालून देऊ नको. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. पातळ केलेल्या गाईच्या दुधावर पोट भरतं आणि अंग वाळतं. औषधाच्या दुकानात पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, ती आधीच आणून ठेव. पाजताना पिल्लू पालथंच धर, जसं ते आईला पितं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं पोटाखाली हलकं पुसायचं. पहिले दोन-तीन आठवडे आईच्या चाटण्याशिवाय त्याला शी-शू होत नाही, आणि आई नसेल तर ते काम तुझं.

पिल्लांची नखं पाचव्या-सहाव्या दिवशी टोकाला जराशी काप, नाहीतर पिताना ती सडांना ओरबाडतात. रोज तिच्या सडांवरून हात फिरव. एखादं गरम, कडक, लालसर लागलं तर तो सडाचा आजार, त्याच दिवशी दाखवायचा. तिचं खाणं गाभणपणी शेवटच्या महिन्यात वाढव आणि पाजताना दुप्पट-तिप्पट कर, दिवसातून चार वेळा. आपल्याकडे कारवानी पिढ्यान्पिढ्या ज्वारीची भाकरी आणि ताकावर वाढली, पण पाजणीच्या दिवसांत तेवढ्यावर भागत नाही. अंडी दे, मटण किंवा कोंबडी दे, भाकरी त्यात कुस्कर. कॅल्शियमची बाटली मात्र गाभणपणी डॉक्टरांना न विचारता सुरू करू नको. उलट त्यानंच पुढं अंगातलं कॅल्शियम अचानक घसरतं. व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती धापा टाकायला लागली, थरथरली, पाय ताठ झाले, नजर बावरली तर तासाभराचाही उशीर नको. पिल्लं बाजूला काढ आणि डॉक्टरांकडे पळ.

पुढं पिल्लं आपापली चढत जातात. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. बोटानं उघडू नको, कुणाचा एक डोळा आधी उघडेल, कुणाचे दोन दिवस उशिरा. त्यानंतर चार-पाच दिवसांत कान उघडतात. तिसऱ्या आठवड्यात ती चार पायांवर उभी राहतात, दातांची टोकं हाताला लागतात. आता ताटलीत पातळ पेज, कुस्करलेली भाकरी, बिनमिठामसाल्याचा रस्सा चाटायला दे. कांदा-लसूण कधीच नको. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, मग दर पंधरा दिवसांनी, वजनाप्रमाणे, आणि इथंही तुझी वहीच कामाला येईल. जंत त्यांना आईच्या पोटातच लागलेले असतात, स्वच्छ घर आहे म्हणून सुटका नाही.

तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात कारवानीचा स्वभाव घडतो. ही जात लाजरी, एकमार्गी, आपल्या माणसाची. याच दिवसांत हात लागला नाही तर मोठेपणी डॉक्टरांनाही अंगाला हात लावू देत नाही. म्हणून रोज प्रत्येक पिल्लू वेगळं उचल, कान-तोंड-पंजे हाताळ. लहान पोरांचा आवाज, कुकरची शिट्टी, ट्रॅक्टर, सगळं ऐकू दे. घरच्या अंगणातच मात्र. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग सोळा आठवड्यांपर्यंत डॉक्टर सांगतील तशा पुढच्या. त्या पूर्ण होण्याआधी लोह्याजवळच्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत, पिल्लं मिरवायला नेऊ नको. तिथं श्वान प्रदर्शन भरतं, तुला मोह होईल. शेकडो जनावरांच्या त्या गर्दीत पार्वो या जीवघेण्या रोगाची लागण झाली तर अख्खं वेत आठवड्यात जातं.

आणि ही पिल्लं कसली आहेत हे विसरू नको. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानीसाठी ओळखलं जातं, लांबलांबून लोक तिथं पिल्लू शोधत येतात. हिचीच नातलग मुधोळ हाउंड. तिच्यावर 2005 साली टपाल तिकीट निघालं, कर्नाटकात तिच्यासाठी संशोधन केंद्र उभं राहिलं. आपल्या लातूर-नांदेडची कारवानी मात्र अजून घराघरांतल्या माणसांच्याच भरवशावर आहे. म्हणून जवळच्या नात्यात जोडी लावू नको. बाप कोण, आई कोण, हे वहीच्या पहिल्या पानावर लिही.

2017 च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आत कुत्री लावता येत नाही, आणि पैदास करून पिल्लं विकायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कायदा नसता तरी आठ आठवडे मी सांगितलेच असते: आईकडून आणि भावंडांकडून चावायचं किती, हे ते त्याच दिवसांत शिकतं. ससे धरायला पिल्लू हवंय असं म्हणणारे येतील, कारवानीचं नाव ऐकलं की ते येतातच. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकारही गुन्हा आहे. अशा माणसाला पिल्लू देऊ नको, कितीही पैसे दाखवू देत.

ज्याला देशील त्याला त्या पिल्लाच्या रंगाचं पान वहीतून उतरवून दे: जन्मतारीख, रोजची वजनं, जंताच्या औषधाच्या तारखा, झालेली लस. आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्यायची, हे त्याच्याकडून कबूल करून घे.